उताराच्या जागेवर घर बांधताना पाण्याचा निचरा: सुरुवात खालच्या टोकापासून

धागाकर्ता:

उताराला लागून असलेल्या जागेवर घर बांधण्याची चर्चा निघाली की ती बहुधा पायाची खोली, संरक्षक भिंतीची जाडी आणि वॉटरप्रूफिंगची रसायने यांभोवतीच फिरत राहते. माझा व्यवसाय बांधकामांवर देखरेख ठेवण्याचा आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. उतारावरच्या घराचा नकाशा खालच्या टोकापासून काढायला हवा. जागेवर वरून येणारे आणि जागेतच पाझरणारे पाणी शेवटी नेमके कुठे सोडायचे, ते ठिकाण कोणत्या पातळीवर आहे आणि पंप न लावता केवळ उताराने पाणी तिथपर्यंत पोचेल का, हे ठरल्याखेरीज जोत्याची पातळी कागदावर उमटू नये. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. जोते ठरते, खोदकाम होते, भिंती उभ्या राहतात आणि मग अंगण करताना कोणाला तरी आठवते की मागच्या बाजूचे पाणी बाहेर काढायला वाटच उरलेली नाही.

पाणी किती येणार याचा अंदाज बांधणे अवघड नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. समजा छप्पर १५० चौरस मीटरचे आहे आणि तासाला ६० मिलिमीटर या वेगाने सर कोसळते आहे, तर छपरावरून तासाला ९,००० लिटर, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर पाणी उतरेल. आता घराच्या वरच्या अंगाची २,००० चौरस मीटर जमीन याच घराकडे उतरती आहे आणि तिच्यावरचा निम्मा पाऊस जिरून निम्मा वाहतो आहे असे धरू. हे पाणी तासाला ६०,००० लिटर होते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ लिटर. पन्हाळी आणि उतरत्या पाईपांवर आपण तासन्‌तास बोलतो. खरा पाहुणा मात्र मागच्या दाराने, सहापटीहून अधिक मोठ्या लवाजम्यानिशी येत असतो. जमीन आधीच भिजून तुडुंब झाली असेल तर निम्म्याहूनही जास्त पाणी वाहते, हेही धरून चालावे.

म्हणून पहिले काम हे, की वरून येणारे पाणी घरापाशी येण्याआधीच अडवून बाजूने वळवायचे. चढाच्या बाजूला, घरापासून काही अंतरावर, उताराला आडवा आणि स्वतः किंचित तिरपा असा पक्का चर काढावा आणि त्याची दोन्ही टोके, निदान एक टोक, घराला वळसा घालून खाली न्यावे. दुसरे काम घरालगतच्या जमिनीचे. चढाच्या बाजूलासुद्धा जमीन भिंतीपासून दूर, म्हणजे डोंगराच्या दिशेने, थोडी उतरती करावी लागते आणि जिथे हा उलटा उतार मूळ चढाला भेटतो तिथे उथळ पाट ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत पायाच्या भिंतीपासून पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार सांगितला आहे, आणि फरसबंदी असेल तर किमान २ टक्के. डोंगराच्या बाजूला १० फूट मोकळी जागा मिळेलच असे नाही. जितकी मिळेल तितक्यात पाट बसवावा, पण मूळ चढ थेट भिंतीला येऊन टेकू देऊ नये.

इतरांचे अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.

ओळंबा:

धागा वेळेवर आला. स्ट्रक्चरल डिझाईन करणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

लोक संरक्षक भिंतीची जाडी विचारतात, पण तिच्यामागे काय भरणार हे विचारत नाहीत. ३ मीटर उंचीच्या भिंतीमागे निचरा चांगला होणारी मुरमाड माती असेल, तर दर धावत्या मीटरला मातीचा आडवा रेटा साधारण पावणेतीन टन येतो. त्याच भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले, तर एकट्या पाण्याचा रेटा साडेचार टन होतो. पाण्यात बुडालेल्या मातीचा स्वतःचा रेटा थोडा घटतो हे खरे. तरी एकूण बेरीज सहा टनांच्या घरात जाते, म्हणजे दुपटीहून अधिक. शिवाय पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ‘अजून फूटभर उंच घेऊ’ हे वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नसते. निचऱ्याची सोय गृहीत धरून जी भिंत डिझाईन केली, तिचा निचरा बंद पडला की ती वेगळीच भिंत होते, आणि त्या भिंतीचे गणित कोणी केलेले नसते.

भिंतीमागे निदान फूटभर जाडीचा स्वच्छ खडीचा थर तळापासून वरपर्यंत हवा, तळाशी सच्छिद्र पाईप हवा आणि समोर वीप होल, म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली आरपार छिद्रे, हवीत. वीप होलची सर्वांत खालची रांग समोरच्या जमिनीच्या किंचितच वर असावी. कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेली छिद्रे कमरेएवढे पाणी मागे साठवूनच ठेवतात. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, लावले नाही तर बारीक माती खडीत शिरते आणि काही पावसाळ्यांत खडीचा थर असून नसल्यासारखा होतो. कापड नुसते पाईपाला गुंडाळण्यापेक्षा खडीच्या संपूर्ण थराभोवती घ्यावे, कारण क्षेत्रफळ मोठे असल्याने ते लवकर चोंदत नाही.

पाण्याने माती नुसती जड होत नाही. मातीच्या कणांमधले पाणी दाबाखाली आले की कणांची एकमेकांवरची पकड तितक्या प्रमाणात सुटते. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात हे तत्त्व मांडले आणि आजचे मृदा-यांत्रिकीचे शास्त्र त्याच्यावर उभे आहे. वर्षानुवर्षे उभा असलेला उतार एका पावसाळ्यात अचानक का सुटतो, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

पागोळी:

दोन शंका आहेत. आमचे कंत्राटदार म्हणतात की पायालगतच्या सच्छिद्र पाईपातच छपराचे उतरते पाईप जोडू, म्हणजे एकाच चरात काम होईल आणि खर्चही वाचेल. शिवाय वरच्या बाजूला उघडा चर काढण्याऐवजी चार इंची पाईप पुरून टाकावा, तो दिसायला बरा दिसतो, असेही त्यांचे म्हणणे आहे. यात काही गैर आहे का?

धागाकर्ता:

दोन्हींना माझा स्पष्ट विरोध आहे.

सच्छिद्र पाईपाचे काम जमिनीतले पाणी गोळा करून बाहेर नेण्याचे आहे. त्यात छपराचे पाणी सोडले की जोराच्या सरीत पाईप तुडुंब भरतो, आणि ज्या छिद्रांतून पाणी आत यायचे त्याच छिद्रांतून ते बाहेर, म्हणजे नेमके पायाच्या मातीत, ढकलले जाते. छपरावरचा पालापाचोळा आणि धूळही त्याबरोबर खाली जाते व छिद्रे बुजतात. छपराचे पाणी बिनछिद्राच्या स्वतंत्र पाईपाने न्यावे. दोन्ही पाईप एकाच चरात शेजारीशेजारी टाकायला हरकत नाही, फक्त ते एकमेकांना जोडू नयेत. शेवटच्या चेंबरमध्ये एकत्र आणायचे झाल्यास ते चेंबर इतके खाली असावे की भरले तरी पाणी उलटे चढणार नाही.

पाईप टाकताना छिद्रे खालच्या बाजूला ठेवावीत. कामावरची माणसे हमखास ती वर करतात, कारण पाणी वरून पडते असे वाटते. वास्तविक खडीतले पाणी तळापासून भरत वर येते. छिद्रे खाली असली की ते लवकर पाईपात शिरते आणि पाण्याची पातळी कमीत कमी उंचीवर रोखली जाते. उतार १०० ला १ तरी असावा आणि तो नजरेने न ठरवता डम्पी लेव्हलने (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीने) किंवा साध्या पाण्याच्या नळीने तपासून घ्यावा. पाईपाचा तळ घरातल्या सर्वांत खालच्या फरशीपेक्षा खाली हवा, पण फूटिंगच्या, म्हणजे पायाच्या सर्वांत खालच्या रुंद भागाच्या, तळापेक्षा खोल जाता कामा नये, नाहीतर पाण्याबरोबर पायाखालचीच माती निघून जाण्याचा धोका असतो.

आता चार इंची पाईप. १०० ला १ उतारावर असा पाईप पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला सहा लिटरांच्या आसपासच पाणी नेतो आणि वरच्या उदाहरणात आपल्याला १७ लिटर न्यायचे आहे. त्याच उतारावर ३० सेंटिमीटर रुंदीचा सिमेंटचा चर २० सेंटिमीटर खोलीने वाहत असेल तर तो ७० लिटरांहून अधिक नेतो. हा फरक चैनीचा नाही. चरात पाने पडणार, गाळ बसणार, एखादा दगड घरंगळत येऊन अडकणार आणि तरीही तो निम्मा-अर्धा चालू राहिला पाहिजे. उघडा चर तुंबलेला दिसतो आणि फावड्याने साफ करता येतो; पुरलेला पाईप तुंबलेला कळतो तो थेट भिंतीवर ओल उमटल्यावर. दिसण्याची अडचण असेल तर चरावर काढता येण्याजोगी जाळी टाकावी.

काळा कातळ:

मला या संपूर्ण दृष्टिकोनाबद्दलच आक्षेप आहे. पावसाचे पाणी इतक्या घाईने जागेबाहेर काढायचे आणि मग उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून हळहळायचे, हे कुठवर चालणार? ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो. घराच्या वरच्या अंगाला समतल चर खोदले, त्यांच्या कडेला झाडे लावली आणि छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडले, तर वाहून जाणारे पाणीच कमी होईल आणि पक्क्या चरांची गरज उरणार नाही. निसर्गाशी जुळवून घेणारा मार्ग हाच आहे असे मला वाटते.

ओळंबा:

आपला हेतू रास्त आहे आणि मोकळ्या डोंगरउतारावर, वस्तीपासून दूर, समतल चरांचा उपयोग निर्विवाद आहे. मात्र ते घराच्या डोक्यावर खोदू नयेत. समतल चरात पाणी थांबते आणि मुरते. ते नाहीसे होत नाही, जमिनीच्या पोटातून उताराच्याच दिशेने सरकते. खाली आपण घरासाठी डोंगर उभा कापलेला असेल, तर ते पाणी त्या कापाच्या तोंडाशी किंवा आपल्या मागच्या भिंतीशी येऊन उभे राहते. वर पातळ मातीचा थर आणि खाली कातळ असेल तर दोहोंच्या सांध्यावरून पाणी वाहते आणि घसरण बहुधा त्याच सांध्यावर होते. याच कारणासाठी कापाच्या माथ्यावरचा चर सिमेंटचा किंवा दगड-चुन्याचा पक्का असावा लागतो, आणि त्याला तडा गेला तर लगेच बुजवावा लागतो. तडकलेला चर नसलेल्या चरापेक्षा वाईट, कारण तो सगळीकडचे पाणी गोळा करून एकाच जागी जमिनीत सोडतो.

शोषखड्डा आणि सेप्टिक टँकचे मुरणारे पाणी यांनाही हेच लागू आहे. दोन्ही घराच्या चढाच्या बाजूला, संरक्षक भिंतीच्या मागे किंवा तीव्र उताराच्या काठावर असू नयेत. उताराच्या बाजूला पुरेशी सपाट, स्थिर जागा असेल तर तिथे पाणी जरूर मुरवावे, नसेल तर टाकीत साठवावे. बंद टाकीत साठवलेले पाणी उन्हाळ्यात उपयोगी पडते आणि उताराला त्रासही देत नाही.

उतार सुटायला मोठा पाऊसच लागतो असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या थ्रेडबो या बर्फावरच्या खेळांच्या गावात ३० जुलै १९९७ च्या रात्री उतारावरून आलेल्या दरडीने दोन निवासी इमारती नेल्या आणि १८ माणसे दगावली. वरचा रस्ता भरावावर होता आणि त्या भरावातून गेलेल्या पाण्याच्या मुख्य नळातून गळती होत होती, असे नंतरच्या न्यायालयीन चौकशीत निष्पन्न झाले. म्हणून वरच्या बाजूने स्वतःच्या घराचा नळ आणायचा असेल तर तो भरावातून आणू नये, आणि पाणी न वापरता मीटर फिरतो का हे अधूनमधून पाहावे.

काळा कातळ:

घराच्या डोक्यावर चर नको, हे पटले. टाकीचा पर्याय विचारात घेतो. झाडांविषयी मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

ओळंबा:

झाडांवर वाद नाहीच. मुळे वरचा थर धरून ठेवतात आणि पाणी शोषतात. फक्त मोठी झाडे भिंतीला आणि सच्छिद्र पाईपाला चिकटून नसावीत, कारण मुळे ओलाव्याच्या मागावर पाईपात शिरतात.

वाटसरू:

सगळे जण वरून येणाऱ्या पाण्याविषयी लिहीत आहेत; मी उताराच्या खालच्या अंगाला राहतो, म्हणून माझी बाजू मांडतो. आमच्या वरच्या जागेत घर होण्यापूर्वी पावसाचे पाणी गवतातून पसरत, सगळ्या हद्दीवरून सारखे खाली येत असे आणि त्याचा काही उपद्रव नव्हता. घर झाल्यावर त्यांनी सगळे पाणी नीट गोळा केले आणि हद्दीजवळ उताराच्या मध्यावर एका पाईपाने सोडून दिले. आता त्या पाईपाचे तोंड स्वतःच खणलेल्या खड्ड्यावर अधांतरी लटकते आहे. त्याखाली मातीत घळ पडली आहे, तिच्या दोन्ही काठांना पिवळट गाळ बसला आहे आणि ती प्रत्येक पावसाळ्यात आमच्या कुंपणाकडे सरकते. त्यांच्या दृष्टीने निचरा उत्तम झाला आहे.

धागाकर्ता:

तुमचा प्रतिसाद मूळ लेखातच यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. तक्रार खूप जुनी आहे. पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बदलून शेजाऱ्याचे नुकसान करणाऱ्याविरुद्ध रोमन कायद्यातही दावा लावता येत असे. फ्रान्सच्या नागरी संहितेतले ६४० वे कलम सांगते की खालच्या जमिनीने वरून नैसर्गिकरीत्या, माणसाचा हात न लागता येणारे पाणी स्वीकारावे, पण वरच्या मालकाने खालच्यावरचा हा बोजा वाढेल असे काही करू नये. ठिकठिकाणचे कायदे वेगळे असतात. तरी पसरून येणारे पाणी एकवटून सोडणे हा नैसर्गिक प्रवाह नव्हे, हे कोणालाही समजावे.

तांत्रिकदृष्ट्या मार्ग दोन आहेत. खाली ओहोळ, नाला किंवा सार्वजनिक गटार असेल तर पाईप किंवा चर उताराच्या मध्यावर न सोडता थेट तिथपर्यंत न्यावा, आणि त्यासाठी खालच्या शेजाऱ्याच्या हद्दीतून जावे लागणार असेल तर त्याची लेखी संमती जागा घेण्यापूर्वी मिळवावी. उतार तीव्र असेल तर चराला पायऱ्या द्याव्यात, म्हणजे पाण्याचा जोर प्रत्येक टप्प्यावर मोडतो, आणि शेवटी मोठ्या दगडांचे पिचिंग (दगड घट्ट बसवून केलेले आच्छादन) करून त्याखाली कापड अंथरावे. असे ठिकाण नसेल आणि पाणी कमी असेल, तर हद्दीच्या पुष्कळ आधी, समपातळीवर बांधलेल्या लांबट कठड्यावरून ते पुन्हा पसरवून सोडता येते. हा कठडा तंतोतंत समपातळीत हवा. एक टोक बोटभर खाली राहिले तरी सगळे पाणी तिथूनच जाते आणि घळ पुन्हा सुरू होते.

पागोळी:

आणखी एक विचारते. आम्ही जागा कोरड्या दिवसांत पाहिली आणि माती-परीक्षणही तेव्हाच झाले. अहवालात पाणी लागले नाही असे लिहिले आहे. त्यावर विसंबावे का?

ओळंबा:

त्या दिवशी, त्या खोलीपर्यंत पाणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. शक्य असेल तर परीक्षणाच्या बोअरमध्ये छिद्रे पाडलेला पाईप सोडून, भोवती वाळू भरून, वरचा फूटभर भाग मातीने घट्ट बुजवून टोपण लावून ठेवावा आणि एक पावसाळा पाण्याची पातळी मोजत राहावी. माप घ्यायला वजन बांधलेली दोरी पुरते. एवढा काळ थांबणे शक्य नसेल तर जागेवरच्या खुणा वाचाव्यात. आजूबाजूचे गवत सुकलेले असताना एखादाच पट्टा हिरवा राहतो, लव्हाळ्यासारखी ओलावा मागणारी झाडे उतारावर मध्येच दिसतात, झाडांचे बुंधे तळाशी वाकून मग सरळ होतात, जमिनीवर चंद्रकोरीसारख्या भेगा असतात, जुन्या गडग्याचा एक भाग पोट आल्यासारखा पुढे आलेला असतो. पहिल्या दोन खुणा पाझराच्या आहेत, उरलेल्या जमीन सरकत असल्याच्या. सरकण्याच्या खुणा असतील तर भू-तंत्र अभियंत्याने प्रत्यक्ष जागा पाहिल्याखेरीज खोदकाम सुरू करू नका, आणि सरकणे खोलवरचे निघाले तर ती जागा सोडून देण्याचीही तयारी ठेवा.

धागाकर्ता:

याला जोडून कामाच्या क्रमाविषयी लिहितो. वरचा चर खोदकामाच्या आधी झाला पाहिजे, मग तो तात्पुरता का असेना. पावसाच्या तोंडावर डोंगर कापू नये; कापावाच लागला तर पट्ट्यापट्ट्याने कापून लगेच भिंत चढवावी आणि उघडा भाग प्लास्टिकच्या कापडाने झाकावा, कापडाचे वरचे टोक मातीत पुरून, म्हणजे पाणी त्याच्याखाली शिरणार नाही. निघालेली माती उताराच्या काठावर ढकलून देण्याचा मोह सर्वांना होतो. तो सैल ढीग पाणी पितो, काठ जड करतो आणि बहुधा शेजाऱ्याकडे जातो. पायाभोवतीचा भराव सहा ते आठ इंचांच्या थरांत धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करत, भरावा. नुसता लोटून दिला तर तो खचतो, आपण दिलेला उतार उलटा होतो आणि पाणी भिंतीकडे वळते. या भरावाचा सर्वांत वरचा फूटभर थर चिकणमातीचा असावा, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी खालच्या खडीत न उतरता बाजूच्या पाटाकडे जाईल.

पाईप बुजवण्यापूर्वी, वरच्या चेंबरमध्ये बादलीभर रंगीत पाणी ओतून ते खालच्या टोकाला येते का, हे मालकाने स्वतः उभे राहून पाहावे, आणि चर उघडा असतानाच मोजपट्टी आडवी ठेवून फोटो काढावेत. प्रत्येक वळणावर तपासणी चेंबर ठेवावे आणि त्यांची झाकणे फरशीखाली दडवू नयेत.